दाराजवळचं मशीन

सासूबाई गेल्या आणि दप्तरांच्या कारखान्याच्या किल्ल्या माझ्या गळ्यात पडल्या. गावातली पहिली कारखानदारीण त्या; निम्म्या घरांच्या चुली त्यांच्यामुळे पेटतात. आणि मी? मला चष्म्याशिवाय सुईचं नेढं दिसत नाही.

सगळ्यात डोकं खाल्लं ते दाराजवळच्या मशीननं. रोज सकाळी त्याला तेल, नवा दोरा, खुर्चीवर धुतलेली उशी. बसायला मात्र कुणी नाही! बाकीच्या बायका दाटीवाटीनं शिवतायत, शाळांची ऑर्डर डोक्यावर, आणि हे आपलं जावयासारखं बसलंय.

"हे कुणाचं हो?"

"बाईंनी ठेवलंय. असू दे वहिनी," कटिंग मास्तर म्हणाले.

एक म्हणाली, तिथं वारा लागतो. दुसरी म्हणाली, उजेड कमी. तिसरी नुसतीच शिंकली. आठवण म्हणून जपतायत म्हणावं, तर सासूबाई जन्मात शिवायला बसल्या नव्हत्या! नवऱ्याला विचारलं. "आईचं आईलाच ठाऊक." याला काय कपाळ कळतंय!

शेवटी माझं डोकं फिरलं. मशीन उचलून मागच्या रांगेत टाकलं आणि एकीला त्यावर बसवलं. त्या दिवशी दुपारी सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाठ करून डबे उघडले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक बाई दारात आली. हातात पिशवी, पायात दोन वेगळ्या चपला. सरळ दाराजवळच्या त्या कोपऱ्याकडे वळली आणि थबकली. तिथं फरशीवर मशीनच्या पायांचे डाग तेवढे उरले होते.

"काय हवंय? कोण तुम्ही?" मी विचारलं.

ती आल्या पावली मागे फिरली. आतली सगळी मशीनं एकदम थांबली.

"अगं बाई, आता काय झालं?"

सगळ्यांत जुनी शिवणारी, जिला सगळे मावशी म्हणतात, ती उठली. "तिथं येऊन बसेल तिला काम. कोण, कुठली, का आली, काही विचारायचं नाही. हात बसला की तिनं मागच्या रांगेत जायचं, जागा पुन्हा मोकळी. बाईंचा नियम."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"मी कशी आले तेही सांगावं लागलं असतं." मावशीनं मान खाली घातली. मी बाकीच्यांकडे पाहिलं, तर एकेक मान खाली. मला रडूही आलं आणि रागही, कुणाचा ते कळेना.

दाराशी धावले. ती समोरच्या औषधांच्या दुकानापाशी रेंगाळत होती. पण हाक काय म्हणून मारू? नाव तर विचारायचं नाही!

आत आले, पदर खोचला आणि मागच्या रांगेतलं ते मशीन ओढायला लागले. मास्तर धावले. मावशीनं दोरा ओवला, मी उशी झटकून ठेवली.

"आता?"

"आता तिकडे बघायचं नाही."

दाराकडे पाठ करून मी दप्तरांचे पट्टे सुलटे करत बसले. दहा झाले, वीस झाले. मग मागे खुर्ची सरकली.

वळून बघायचा मोह कसा आवरला, माझं मला माहीत. "मास्तर," मी म्हणाले, "दाराजवळ कापड द्या."