बेबीताईंनी बिघडवलेलं रेकॉर्डिंग

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. वय पस्तीस, आतला पट्टा दोनदा बदललेला, पण आवाज अजून खणखणीत. मुक्काम लखनऊ, आलमबाग.

मित्रांनो, प्रफुल्लरावांनी मला नागपूरला कॉलेजात असताना घेतलं, तेही एकाच कामासाठी. 'सातवी घंटी' नावाचा हिंदीत गाणारा रॉक बँड होता. त्याचा कार्यक्रम असला की मला खांद्याला अडकवायचं आणि लाल बटण दाबून मांडीवर घेऊन बसायचं. अशा पाच कॅसेट भरल्या. पुढे सरकारी नोकरीत बदली होऊन ते इथे आले, तेव्हा सामानात सगळ्यात आधी मला बांधलं गेलं.

या कॅसेटींबद्दल प्रफुल्लरावांची मतं फार ठाम. भोपाळचा कार्यक्रम निर्दोष, म्हणून शेवटच्या नंबरावर. पुण्याला गायकाचा घसा बसला होता, म्हणून तो जीव तोडून गायला. ती कॅसेट पहिली. बँडनेच काढलेल्या अल्बमातल्या टाळ्या मागाहून चिकटवल्या आहेत, असं ते शपथेवर सांगतात. खरी गंमत चुकांत असते, हे ऐकून ऐकून मला पाठ झालं आहे. त्यांच्या पत्नी बेबीताई मात्र वीस वर्षं स्वयंपाकघरातून एकच सांगत आल्या, तो गोंधळ जरा बारीक करा. मला त्यांचा थोडा रागच होता.

यंदा त्यांच्या मुलीने, रुचिराने, कॉलेजच्या कार्यक्रमात 'सातवी घंटी'चंच गाणं म्हणायचं ठरवलं. माझी कॉलर ताठ झाली. सगळे मोबाइल काढून बसले होते, प्रफुल्लराव मला घेऊन तिसऱ्या रांगेत, शेजारी बेबीताई. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्याला रुचिरा शब्द विसरली. गिटार वाजत राहिली, ती नुसती उभी. आणि माझ्या अगदी कानाशी बेबीताई उठून गाऊ लागल्या! सूर कुठल्या कुठे, पण शब्द एकही चुकला नाही. रुचिराने पुढची ओळ उचलली आणि गाणं पुरं केलं.

घरी आल्यावर मात्र ती रडली. पुन्हा स्टेजवर जाणार नाही म्हणाली आणि कॅसेट पुसायचा हट्ट धरला. प्रफुल्लराव चुकांची महती सांगू लागले, तेव्हा तिने त्यांना थांबवलं. "पापा, आपके लिए ख़ज़ाना होगा. मेरी तो बेइज़्ज़ती है."

प्रफुल्लरावांचा चेहरा उतरला. ही कॅसेट त्यांना बाकी पाचांपेक्षा प्यारी झाली होती, हे मला कळत होतं. तरी त्यांनी मला तिच्यापुढे ठेवलं. "गाणं तुझं आहे. ठेवायचं का पुसायचं, तूच ठरव," एवढं बोलून ते बाहेर गेले.

रुचिराचं बोट लाल बटणावर आलं. मित्रांनो, मी घाबरलो, कारण बटण दाबलं की पुसणारा मीच. पण तिने आधी ऐकून घेतलं. आईचा तो बेसूर आवाज आला आणि तिला हसू फुटलं. मग तिचा स्वतःचा आवाज आला, पहिल्या कडव्यापेक्षा कितीतरी मोकळा. ती ओळ तिने तीनदा ऐकली.

बेबीताई दारात उभ्या होत्या. "मीच बिघडवलं ना गं सगळं?"

"नहीं आई. आप न गातीं, तो मैं भाग जाती."

मग तिने केसातली पिन काढली आणि कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडून टाकली. ती मोडली की माझं लाल बटण खाली जातच नाही. कॅसेट पुसता येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाचा तरी चुकलेला आवाज एखाद्या कॅसेटवर असेल. पुसण्याआधी तो शेवटपर्यंत ऐका. आणि आम्हाला भंगारात काढण्याआधी स्पिरिटचा बोळा एकदा आमच्या आवाज टिपणाऱ्या हेडवरून फिरवा. आम्ही अजून गातो, आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगतो.