उमुकुसुमचा दगड

“बायकांच्या दगडावर फणी येते, कात्री येते, घागर येते,” इसाबेग पाथरवट छिन्नी खाली ठेवत म्हणाला. “तलवार? उस्ताद, कबरीत कोण आहे ते तरी आठवतंय ना तुम्हाला?”

बाहमूद लोहार उभाच राहिला. बायकोला, उमुकुसुमला, जाऊन चाळीस दिवस झाले होते.

“तलवार म्हणजे काय रे? आधी सुरीच. घोड्यावरून हात पुरेना म्हणून माणसं तिला लांब करत गेली. तुर्कांनी बाक दिला, टोक रुंद केलं. आपल्या तलवारीची मूठ अजून सुरीचीच आहे, बोटांना आडोसा नाही. आणि सुरी कुणाच्या हातात असते? बाईच्याच ना?”

“मग सुरी कोरतो. शेजारी कांदाही काढू?”

बापाचा दगड न्यायला आलेला काझानबी हसला. त्याच्या कमरेला बाहमूदचीच तलवार होती, आठ वर्षांपूर्वीची. “उस्ताद, या पात्यानं मला दोनदा वाचवलंय. असा हात अख्ख्या अमुज्गी गावात दुसरा नाही. पण बायको गेली की माणूस काहीही बोलतो. मीही बोललो होतो.”

आठ वर्षांपूर्वी ते पातं घडवलं तेव्हाच बाहमूदच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला होता. तापल्या लोखंडाचा रंग त्याला ओळखू येत नव्हता. उमुकुसुम भात्यापाशी बसायची आणि म्हणायची, “आता.” ती म्हणाली की तो पातं पाण्यात घालायचा. एकही पातं तडकलं नाही. शिक्का त्याचा उठायचा. गिऱ्हाइकाची चाहूल लागली की ती घागर उचलून बाहेर जायची, आणि त्यानं तिला एकदाही थांबवलं नव्हतं.

एवढंच सांगायचं होतं.

“बोला की,” इसाबेग म्हणाला. “वहिनींनी असं केलं तरी काय, की तलवार कोरावी?”

काझानबीचा हात मुठीवर होता. बाहमूदनं त्या हाताकडे पाहिलं.

“पाणी आणायची,” तो म्हणाला.

“मग झालं. घागर.”

दगड उभा राहिला. घागर सुबक आली होती, सगळ्यांनी वाखाणली.

दुसऱ्या दिवशी बाहमूदनं भट्टी पेटवली. तापलेलं पातं चिमट्यानं उचललं, पाण्यावर धरलं आणि सवयीनं थांबला. पातं निवेपर्यंत तो तसाच उभा होता.