त्या पानावरचा माणूस

आबाजी कासारवाडी स्टेशनवर उतरले तेव्हा मिलका फलाटावर उभी होती. लग्नानंतर बापलेकीची ही पहिलीच भेट. रेवदंड्याला आबाजींचा तेलाचा घाणा होता. घर बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, पिढ्यान् पिढ्या शनिवार पाळणारं. मिलकानं पिंपरीच्या औषध कारखान्यातल्या आनंदराव सोनवणे या ख्रिस्ती फिटरशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला, आणि आबाजींनी घरात तिचं नाव काढणं बंद केलं. आता थोरला मुलगा त्यांना कायमचं इस्राएलला घेऊन निघाला होता. जाण्याआधी लेकीला एकदा बघून येतो म्हणाले.

खोलीत शिरताना त्यांचा हात सवयीनं दाराच्या उजव्या चौकटीकडे गेला. तिथे ज्यू घरांच्या दाराला असते तशी शास्त्रवचनाची डबी नव्हती. त्यांनी हात खाली घेतला.

मिलकानं नव्या पातेल्यात नारळाच्या दुधातली भाजी केली होती. "या भांड्यात तुम्हाला न चालणारं मटण कधी शिजलेलं नाही, आबा," ती म्हणाली. आबाजी जेवायला बसले. पुन्हा भात मागून घेतला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

जेवणं झाल्यावर आनंदरावांनी फळीवरचं बायबल काढलं. मिलकानं डोळ्यांनी नको म्हटलं. त्यांचं लक्ष नव्हतं.

"मामा, तुमच्याच यशया संदेष्ट्याचं एक पान वाचू?"

"वाचा."

देवाचा एक सेवक आहे, लोकांनी त्याला तुच्छ मानलं, दुसऱ्यांच्या पापांचा मार त्यानं खाल्ला, कापायला नेलेल्या कोकरासारखा गप्प राहिला. आनंदराव सावकाश वाचत गेले. "येशूच्या कितीतरी शतकं आधी हे लिहिलंय, मामा. हा दुसरा कोण असणार? माझी आई आजारात पडून होती, तेव्हा रोज हेच वाचायला लावायची. आपलं दुखणं कुणीतरी आधीच सोसलंय, एवढ्यावर ती शांतपणे गेली."

आबाजींनी त्या पानाकडे बोट दाखवलं.

"तुमच्या आईला शांती मिळाली, बरं झालं. पण तो सेवक म्हणजे आम्ही, जावईबापू. इस्राएल. दुसऱ्या महायुद्धानंतर आम्ही काही दिवस मुंबईत होतो, तेव्हा पोलंडचा एक ज्यू गृहस्थ आमच्याकडे महिनाभर राहिला होता. बायको, तीन पोरं, म्हातारे आईबाप, ज्यू म्हणून सगळ्यांना मारलं होतं. घरात शास्त्र वाचताना हे पान आलं की तो उठून बाहेर जायचा. त्याला मी काय सांगू? हे तुझ्या पोरांचं नाही, दुसऱ्याचं आहे?"

आनंदराव हळूच म्हणाले, "पण मामा, तिथे एकाच माणसाबद्दल लिहिलंय."

"एकाच माणसासारखं लिहिलंय."

मग आबाजी मिलकाकडे वळले. "तू सांग. तू लहानपणी माझ्याकडून ऐकलंस, यांच्या देवळातही ऐकलंस. तो माणूस कोण?"

दोघेही तिच्याकडे बघू लागले. बाप्तिस्म्याच्या दिवशी येशूचं नाव तिनं मनापासून घेतलं होतं. आणि आता बापाच्या तोंडून त्या पोलंडच्या माणसाचं ऐकताना तिला तो आठवला. जिन्यात बसून तो तिला पाव भरवायचा. येशूचं नाव घेतलं तर तो माणूस जाणार होता, त्या माणसाचं घेतलं तर येशू. ती ताटं उचलू लागली.

"राहू दे," आबाजी म्हणाले. "मी विचारायला नको होतं."

स्टेशनवर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून हिब्रूत आशीर्वाद पुटपुटला. "मला हे नुसतं म्हणता येतं, पोरी. सगळा अर्थ कुठे येतो," म्हणाले. आनंदरावांनी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांच्याही खांद्यावर थोपटलं. गाडी आली. डब्याच्या दारातून त्यांनी मिलकाला इतकंच सांगितलं, "तब्येत सांभाळ." पुन्हा भेटू, असं कुणीच म्हणालं नाही.

परतताना आनंदराव म्हणाले, "मला वाटलं, निदान जाताना तरी त्यांना त्या पानावर येशू दिसेल."

"त्यांनाही आपल्याबद्दल तसंच वाटत होतं," मिलका म्हणाली.

पुढे तिच्यानं चालवेना. रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर ती बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. तिच्यावर ऊन येऊ नये म्हणून आनंदराव शेजारी उभे राहिले.