बिनहुकमी महाराज आणि दीड किलो बोंबील

ब्रिज बघायला कधी गर्दी होत नाही. चार माणसं गप्प बसून पत्ते टाकतात. मध्येच कुणी खोकलं तर तीच मोठी घटना. तरीही त्या रविवारी सकाळी पूनम सागर भागातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी चपलांचा ढीग, ढिगाशेजारी नारळ आणि नारळांशेजारी पत्त्यांचे कोरे जोड, महाराजांचा हात लावून घ्यायला. एक आजोबा रमीचा जोड घेऊन आले होते. सेक्रेटरी नीलेशने त्यांना वेगळ्या रांगेत उभं केलं.

"साइड द्या, साइड! महाराज आ गये!" नीलेश ओरडला.

पंढरीनाथ महाराज आले, टेबलाशी बसले, पत्ते एकदा पाहिले आणि डोळे मिटले. समोर त्यांची शिष्या आणि भिडू, मृणालिनी.

ब्रिजमध्ये भिडूच्या हातात काय आहे ते फक्त बोलीवरून ओळखायचं असतं. कुठल्या बोलीचा अर्थ काय, हे दोघांनी आधी ठरवायचं आणि समोरच्यांनी विचारलं तर त्यांनाही सांगायचं. महाराजांनी आयुष्यात काहीच ठरवलं नव्हतं. पत्ते कसेही येवोत, त्यांची बोली एकच : "एक नो-ट्रंप", म्हणजे बिनहुकमी, कुठलाच रंग हुकूम नाही. त्यावर मृणालिनी क्षणभर श्वास रोखून धरायची, मग श्वास घेऊन महाराजांच्या हातात सगळ्यात जास्त असलेला रंग अचूक बोलायची. आठ महिने हे असं चाललं होतं.

"याचा अर्थ काय, महाराज?" कुणी विचारलंच तर ते म्हणत, "त्याची इच्छा." आणि बोली लावण्याआधी अत्तराच्या चार कुप्यांपैकी एकीचं बूच काढून समोर ठेवत. देवाला सुगंध आवडतो म्हणून. पाठीमागे टेबल फॅन फिरत असे. देवाला वाराही आवडतो.

या सगळ्यापायी सुलूचा भिडू जायची वेळ आली होती. सुलू भाईंदर पश्चिमेच्या शाळेतून निवृत्त झालेली विज्ञानशिक्षिका. तिचा भिडू व्हिन्सेंट उत्तनचा. दोघांनी अकरा वर्षं घासून घासून एक वही भरली होती : आपली कुठली बोली काय सांगते, कधी पुढे जायचं, कधी गप्प बसायचं. चहाचे डाग, खोडाखोड, एका पानावर भांडणाची तारीखसुद्धा. आणि आता व्हिन्सेंट म्हणत होता की रविवारच्या फायनलमध्ये महाराजांच्या जोडीने आपल्या जोडीला हरवलं, तर तो त्यांची दीक्षा घेणार. दीक्षेची अट एकच : वही खाडीत सोडायची.

"सुलूबाय, अकरा वरसं आपण लिवत बसलो," तो म्हणाला. "त्या बाईला बघा. एक अक्षर न्हाय लिवलं, तरी सगलं कलतंय!"

"आणि मी कुणाबरोबर खेळू?"

"तुमी पन दीक्षा घ्या."

सुलूने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने वही पिशवीत घातली. पण पिशवी खांद्यालाच ठेवली.

खरं तर उत्तर मंगळवारीच मिळालं होतं. त्या दिवशीच्या सरावाच्या खेळात महाराजांची जोडी शेवटच्या नंबरवर गेली. बुध वक्री आहे, असं महाराज म्हणाले. सगळ्यांनी मोबाइलवर पंचांग उघडलं. सुलूने मृणालिनीचं नाक पाहिलं. ते टोमॅटोसारखं लाल होतं आणि चोंदलेलं होतं. बुधाला सर्दी झाल्याचं सुलूने कधी वाचलं नव्हतं.

मग तिने शनिवारी व्हिन्सेंटला फोन केला. "गुरूकडे रिकाम्या हाताने जातोस? घरचं काहीतरी ने. तुझ्या क्लेअरने वाळवलेले बोंबील आण."

"महाराज वेज न्हाय का?"

"नैवेद्य दाखवायचा रे. खायला कोण सांगतंय?"

त्याप्रमाणे रविवारी व्हिन्सेंटने दीड किलो सुके बोंबील भक्तिभावाने महाराजांच्या पायाशी ठेवले आणि पिशवीचं तोंडही उघडलं, नैवेद्य झाकून दाखवत नाहीत म्हणून. मागून फॅन सुरू होता. वारा महाराजांवरून, बोंबलांवरून, थेट मृणालिनीकडे.

"हा दुर्गंध कसला?" महाराज म्हणाले.

"समाधीत वास येतो, महाराज?" सुलूने विचारलं.

महाराजांना पुन्हा समाधीत जावं लागलं.

शेवटचा डाव. दोन्ही जोड्यांचे गुण सारखे. महाराजांनी हिरवी कुपी उघडली. "एक नो-ट्रंप."

व्हिन्सेंट पास. मृणालिनीने श्वास घेतला. पुन्हा घेतला. डोळ्यांत पाणी आलं. पदर नाकाशी गेला, परत खाली आला.

"चार बदाम," ती म्हणाली. म्हणजे बदाम हुकूम आणि तेरापैकी दहा हात आमचे.

"याचा अर्थ काय, महाराज?" सुलूने नियमाप्रमाणे विचारलं.

"त्याची इच्छा."

"किती बदामांची?"

महाराजांनी पत्ते छातीशी धरले. त्यांच्याकडे बदामाची फक्त दुर्री होती.

"डबल," सुलू म्हणाली. म्हणजे जमणार नाही, पैज दुप्पट. शिष्येचा शब्द मी पुसत नाही, असं महाराज आठ महिने सांगत आले होते. त्यांनी डोळे मिटून कुपी जोरजोरात हलवली आणि पास म्हटलं. दहा हात करायचे होते, चार झाले.

"बोंबलामुळे शक्ती बाटली!" नीलेश ओरडला.

"बाटली तर बाटली. व्हिन्सेंट, पिशवी बाहेर ने," सुलू म्हणाली. पिशवी गेली, वारा मोकळा झाला. सुलूने हिरवी कुपी मृणालिनीच्या नाकाशी धरली. "ताई, कसला वास?"

"चौकट," मृणालिनी म्हणाली. आठ महिन्यांची सवय. मग तिने जीभ चावली.

"नीलेश, ही घे. खसाचं अत्तर. महाराजांचे पत्ते बघ, चौकट सात आहेत. उरलेल्या तीन कुप्या म्हणजे उरलेले तीन रंग. म्हणून पाठीमागे फॅन, म्हणून सर्दीत हार. यांचा करार होताच, आपल्यापासून लपवलेला."

महाराज उठले. रमीवाले आजोबा पुढे झाले. "म्हणजे जोडाला हात लावणार का नाही?"

भक्तांनी आपापले नारळ उचलले. काहींनी अंदाजानेच उचलले.

सुलूने सगळ्यांकडे वळून शाळेतल्या आवाजात सांगितलं, "आठ महिने तुम्ही 'त्याची इच्छा' ऐकून गप्प बसलात. पत्त्यांचा चमत्कार असो, औषधाचा असो, गुप्तधनाचा असो, एकच प्रश्न विचारा : याचा अर्थ काय? उत्तर मिळेपर्यंत विचारा. आणि नारळ घरी नेऊन खा."

मग ती व्हिन्सेंटजवळ गेली. "बोंबील कशाला मागवले, ते तुला सांगितलं नाही. भिडूशी असं वागायचं नसतं. वहीत लिही."

व्हिन्सेंटने वही काढली आणि जीभ बाहेर काढून लिहिलं : करार क्रमांक दोनशे बारा. बोंबील आणवण्याआधी भिडूला कारण सांगावं. "मना आवडलं," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी दोघं खेळायला बसले. सुलूच्या नो-ट्रंपवर व्हिन्सेंट म्हणाला, "दोन किलवर."

"याचा अर्थ काय?" समोरच्यांनी विचारलं. हल्ली सगळेच विचारत होते.

"पान चौदा. माझ्याकडे इस्पिक किंवा बदामाची चार पानं आहेत का, असं विचारतोय," सुलूने सांगितलं.

व्हिन्सेंटने कपाळाला हात लावला. पान चौदा तो साफ विसरला होता. त्याच्याकडे नुसती किलवरच होती.

डाव ते हरले. पण कसे हरले, हे हॉलमधल्या प्रत्येकाला सांगता आलं.