बोटीवरच्या जेवणाचे कपडे

"उतारूंनी रात्रीच्या भोजनास रीतसर पोशाखात यावे," छापील पुस्तिकेतली इंग्रजी ओळ मराठी करून वाचत रघूनं मान वर केली. "आता बाबा, रीतसर म्हणजे काय ते तुम्हीच सांगा. आमच्या ऑफिसात प्रत्येक जण वेगळंच सांगतो."

कोंडाजी शिगवण पडवीत सुंभ वळत बसला होता. त्याचे हात थांबले.

"मी काय सांगनार?"

"वा! बावीस वर्षं तुम्ही बोटीवर जेवणाच्या सलूनात वाढलंत. तुम्हाला ठाऊक नाही तर कुणाला?"

"सांगा की वो," आतून सोनाबाई म्हणाली. "एरवी गावाला सांगून सांगून कान किटवलेत. आज पोरगं इचारतंय तर तोंड शिवलं काय?"

रघू हा कोंडाजीचा एकुलता एक. मुंबईला मामाकडं राहून शिकला, यंत्रांच्या कारखान्यात लागला, आणि आता कारखान्याचे दोन साहेब विलायतेला निघाले होते त्यांच्याबरोबर वर्षभर शिकायला तोही निघाला होता. बोटीनं, पहिल्या वर्गातून. आगरदांड्याच्या आसपासच्या पाच गावांत असं कुणाचं नशीब उघडलं नव्हतं. आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, बोट नेमकी तीच निघाली, जिच्यावर कोंडाजीनं शेवटची सात वर्षं काढली होती.

कोंडाजीनं घसा खाकरला.

"पयल्या राती कपडे बदलायचे न्हायत. दिवसाचाच कोट चालतो. पेट्या सोडलेल्या नसतात ना. शेवटच्या राती बी न्हाय, तवा पेट्या बांधलेल्या असतात. बंदराला बोट लागली असंल त्या राती बी सूट. बाकी भर दर्यात दर रातीला बदलायचं. पोर्ट सैद बंदरापातूर उन्हाचा पांढरा कोट, त्याच्याफुडं थंडीत काळा. इजार दोनी टायमाला काळीच. सदऱ्याची छाती कडक पायजे, नखानं वाजवली तर वाजली पायजे."

रघू भराभर लिहून घेत होता. "बघ आये! एवढं आमच्या साहेबांनासुद्धा सांगता आलं नाही."

सोनाबाईचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. कोंडाजीनं मान खाली घालून पुन्हा सुंभ वळायला घेतलं.

सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं होतं ते एवढंच, की कोंडाजीनं जेवणाचं सलून आयुष्यात कधी धड पाहिलंच नव्हतं. बावीस वर्षं तो बोटीच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, धोबीखान्यात उभा होता. खिडकी नाही, वारा नाही; वाफ आणि इस्त्रीचं लांबलचक टेबल. कोणत्या रात्री गोरे काय घालतात हे त्याला टेबलावर काय येऊन पडतं त्यावरून कळायचं. पहिल्या आणि शेवटच्या रात्री टेबल रिकामं असायचं, म्हणून ते त्याला पाठ. ती माणसं त्या कपड्यांत बसतात कशी, हसतात कशी, ते त्याला कैतान सांगायचा. कैतान गोव्याचा, सलूनात वाढपी. इस्त्रीचे रुमाल न्यायला खाली यायचा आणि दोन घटका गप्पा मारायचा. ते झुंबर, ते चांदीचे काटे, ती बर्फाची केलेली बदकं, सगळं कैतानचं. कोंडाजीनं ते गावात आणून आपलं म्हणून सांगितलं.

अहो, पण असं का करावं माणसानं? तर त्याचंही कारण होतं. पहिल्या सफरीनंतर तो सासुरवाडीला गेला तेव्हा सासरा बुधाजीनं भरल्या ओटीवर विचारलं, "जावयबापू, बोटीवर काम कसलं?" चार म्हातारे कान टवकारून बसलेले. कुणब्याचा पोर परक्यांचे मळके कपडे धुतो म्हटलं असतं तर भावकीनं सोनाबाईला माहेरी बसवून घेतलं असतं. गावचा परीट धर्माजी साऱ्या गावाचे कपडे स्वच्छ करायचा आणि स्वतः पायरीखाली बसायचा, हे कोंडाजी लहानपणापासून बघत आला होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "सलूनात. सायबांना जेवाया वाढतो." अन्नाचं काम म्हटल्यावर म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एकदा बोललं ते बोललं. मग दर सफरीला त्यात भर पडत गेली. कामाच्या बुकात त्याचा हुद्दा इंग्रजीत लिहिलेला होता, ते बुक त्यानं रघूची इंग्रजी शाळा सुरू झाली तसं ट्रंकेतून काढून भाताच्या कणगीमागं दडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रघूनं पेटी उघडली. मुंबईच्या शिंप्याकडून शिवून आणलेला पांढरा कोट गावापर्यंतच्या प्रवासात पार चुरगळून गेला होता. कोंडाजीनं तो हातात घेतला आणि त्याला राहवेना.

"धर्माजीकडनं इस्त्री आन जा," तो रघूला म्हणाला. "कोळसे घालूनच आन. आनि गो, थोडी खळ शिजव."

"तुमी करनार इस्त्री?" सोनाबाई बघतच राहिली.

त्यानं पाटावर घोंगडी घातली, वर धुतलेलं धोतर अंथरलं. आधी कॉलर उलट्या बाजूनं, मग खांदे, मग बाह्या, शेवटी पाठ. इस्त्री कुठं टेकत नव्हती की कुठं अडखळत नव्हती. ओल्या बोटांनी पाणी शिंपडायचं, हात फिरवायचा, पुढं सरकायचं. कोट उचलून त्यानं खुंटीला लावला तेव्हा तो दुकानातल्यापेक्षा नवा दिसत होता.

रघू जवळ येऊन कोटाकडं बघत राहिला. "बाबा, वाढप्यांना हेही शिकवतात?"

आता. हीच वेळ होती. सोनाबाई चुलीशी गेली होती, पडवीत दोघंच होते. पोरगा शिकलेला, मनानं मोठा. त्यानं काय बापाला टाकलं असतं? कोंडाजीच्या ओठापर्यंत आलं. पण रघूच्या डोळ्यांत काय होतं, तर अभिमान. लहानपणी शेजारच्या चंद्राबाईच्या पोरांना "माझा बा सायबांच्या पंगतीत वाढतो" म्हणून सांगताना असायचा ना, तोच. कोंडाजीनं गिळलं.

"शिकवतात. सगळंच शिकवतात."

"मी गेल्या गेल्या हेड वेटरला सांगणार आहे, कोंडाजी शिगवणांचा मुलगा म्हणून."

"कशाला?" कोंडाजीचा आवाज जरा चढलाच. "जुनी मान्सं कवाच गेली. नवीन लोकांना काय ठावं?"

"तीनच वर्षं झाली तुम्हाला सोडून. कुणीतरी ओळखीचं असेलच की! तुम्ही पण ना, बाबा. उगाच लाजता."

त्या दिवसापासून कोंडाजीची जेवणावरची वासना उडाली. निघायच्या आदल्या दिवशी सोनाबाई पाण्याला गेलेली बघून त्यानं कणगीमागचं बुक काढलं, रघूच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवलं, पेटी लावली. वाचेल बोटीत बसल्यावर. तोंडानं सांगायला नको. उंबऱ्यापर्यंत गेला, परत आला, पेटी उघडली आणि बुक काढून घेतलं. भित्रा म्हणा त्याला. त्यानं स्वतःला मनातल्या मनात तेच म्हटलं.

मुंबईच्या धक्क्यावर पोराला पोचवायला तो गेलाच नाही. बोटीवरचं कुणीतरी वरून हाक मारेल, "अरे धोबीमामा!" आणि साहेबांच्या देखत, पोराच्या देखत सगळं उघडं पडेल, ही धास्ती. राबाची भाजावळ, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा, ती राहिली आहे असं त्यानं कारण काढलं. सोनाबाईनं आकांडतांडव केलं.

"येवढा येकुलता येक सातासमुद्रापार चाललाय आनि तुमाला राब सुचतोय? काळीज हाय का दगड हाय?"

"तू जा भावाबरोबर. मी आगरदांड्यापातूर येतो."

आगरदांड्याच्या धक्क्यावर रघू पाया पडला. कोंडाजीनं त्याला उठवलं, त्याची कॉलर नीट केली, पुन्हा नीट केली.

"काय बाबा? काही सांगायचंय?"

"व्हय." कोंडाजी खाडीकडं बघत राहिला. "पांढरा कोट घडी करून ठिवू नको. आडकवून ठिव. घडी पडली की जात न्हाय."

"बरं."

"आनि सदऱ्याला खळ जास्त झाली तर गळ्याला कापतं. मंग आतून वल्या फडक्यानं पुसायचं."

"बरं बाबा."

मुंबईला नेणारी छोटी बोट खाडीबाहेर दिसेनाशी होईपर्यंत तो उभा होता. मग घरी येऊन, ज्या राबाला अजून पंधरा दिवस अवकाश होता, तो त्यानं त्याच दुपारी पेटवून दिला, निदान तेवढं तरी खरं व्हावं म्हणून.

सोनाबाई परत आली ती बोटीचंच वर्णन करत. केवढी उंच, केवढी पांढरी. "अवो, तुमी येवढ्या राजवाड्यात ऱ्हात व्हता आनि मला कवा धड सांगितलं बी न्हाय!"

पोर्ट सैदहून टाकलेलं पत्र आलं तेव्हा चंद्राबाई शेजारून सूप मागायला आलेली होती. दोघी समोर बसल्या. सोनाबाईला अक्षरओळख नव्हती. कोंडाजी चष्मा लावून, बोट ठेवत मोठ्यानं वाचू लागला.

"तीर्थरूप बाबा आणि आये यांस साष्टांग नमस्कार. मी सुखरूप आहे. मला बोट लागली नाही, एकदाही ओकारी झाली नाही. तुम्ही सांगितलं तसेच कपडे घालतो. पहिल्या रात्री एक साहेब काळा कोट घालून गेले आणि त्यांची फार फजिती झाली. मी मात्र बरोबर होतो."

"बघा!" सोनाबाई चंद्राबाईच्या मांडीवर थाप मारून म्हणाली.

"सलूनात तुमचं नाव काढलं. नाव काढताच हेड वेटर उठून उभा राहिला. म्हणाला, शिगवण म्हणजे या सलूनची शान होती. त्यांच्यासारखा वाढपी पुन्हा झाला नाही. सगळेच तुमची आठवण काढतात."

कोंडाजीचं बोट त्या ओळीवर थांबलं ते थांबलंच.

त्या सलूनात शिगवण हे नाव कुणाच्या कानावर जायचं कारणच नव्हतं. एक कैतान होता, तो कोंडाजीनं बोट सोडायच्या दोन वर्षं आधीच गोव्याला जाऊन वारला. म्हणजे रघूनं विचारलं होतं. नाही म्हणाले होते. पोरगं हट्टी, त्यानं विचारत विचारत आख्खी बोट पालथी घातली असणार, आणि कुणीतरी खाली धोबीखान्याकडं हात दाखवला असणार. रघू तो लोखंडी जिना उतरून खाली जाऊन आला होता. आणि वर येऊन, कागद पुढ्यात घेऊन, बापासाठी खोटं लिहायला बसला होता. बापाकडूनच शिकला, दुसरं काय! कोंडाजीला भडभडून आलं.

"अवो, वाचा की! परत वाचा ते शानीचं," सोनाबाई म्हणाली.

त्यानं परत वाचलं. चंद्राबाई म्हणाली, मला पहिल्यानं नीट ऐकू आलं नाही. त्यानं तिसऱ्यांदा वाचलं.

"फुडं?"

पुढं दोनच ओळी होत्या. त्या त्यानं मनात वाचल्या. "इथं सर्व उतारू कपडे खाली धोबीखान्यात देतात. मी देत नाही. माझे मीच केबिनमध्ये धुतो आणि इस्त्री मागून घेतो, तुम्ही करून दाखवली तशी करतो."

"फुडं काय न्हाय. खुशाली हाय," तो म्हणाला.

सोनाबाई उठली आणि चंद्राबाईला घेऊन वाडीभर सांगायला निघाली. तिचा आवाज एकेका घरापाशी ऐकू येत होता. कोंडाजी ते दोन ओळींचं ओझं घेऊन तसाच बसून राहिला. पोरानं कपडे खाली का दिले नसावेत? आपल्या बापाच्या जागी उभ्या असलेल्या माणसापुढं मळके कपडे टाकणं जिवावर आलं, म्हणून? की आता त्या जिन्याकडं बघायचीच लाज वाटते, म्हणून? रघू समोर असता तर चेहऱ्यावरून कळलं असतं. पत्रावरून कळेना. बावीस वर्षं घरापासून लांब काढली, पण पोरगा एवढा लांब गेल्यासारखा कधी वाटला नव्हता.

मग त्यानं रघूच्याच जुन्या वहीतला कागद घेतला, टाक घेतला आणि लिहायला बसला. त्याचं अक्षर मोठं होतं, ओळी खाली उतरत जायच्या.

"चि. रघू यास आशीर्वाद. पत्र पावलं. कपडे खाली देत जा. आपले आपण धुवू नको. खालची माणसं लबाडी करत नाहीत, चांगलं काम करतात. मी तिथंच होतो. तुला सांगायला पाहिजे होतं. बाबा."

पत्र लंडनला पोचेल तोवर बोट कधीच रिकामी झालेली असणार, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी त्यानं ते पुन्हा एकदा वाचलं, आणि काही खोडलं नाही.

सोनाबाई परत आली. उन्हानं लाल झाली होती, हसत होती. तिनं त्याच्या खांद्यावरून कागदाकडं पाहिलं.

"लिवलंत? मंग माझं बी घाला. त्या हेड वेटराला म्हनावं, आमच्या मान्साची आठवन ठिवलीत, देव तुमचं भलं करो. रघूच्या आयेनं नमस्कार सांगितलाय म्हनावं."

"बरं."

"लिवा ना, मग. मी बघते."

कोंडाजीनं टाक दौतीत बुडवला. कागदावर अजून थोडी जागा होती. आपल्या नावाच्या खाली त्यानं, ती सांगत गेली तसं, एकेक अक्षर लावून, तेही लिहिलं.