माहरुखच्या नकाशातली तांबडी रेघ

खोदायचं यंत्र घरघरायला लागलं. इराणातल्या कर्मानच्या माळावर पहिलं भोक पडत होतं, तेही माहरुखच्या नकाशाच्या भरवशावर! उपग्रहाने टिपलेल्या प्रकाशातून तिने पांढऱ्या चिकणमातीचं खनिज हुडकलं होतं. अशी माती जिथे, तिथे खाली तांबं मिळायची आशा. नकाशावर त्या मातीची सरळ तांबडी रेघ उमटली होती. "ही जमिनीतली भेगच," म्हणून पोरगी कंपनीच्या केयवानीसाहेबांशी कडाकडा भांडली होती. आधी पायी फिरून बघायचं, ते मात्र घाईत राहूनच गेलं.

यंत्राचा फोटो काढायला ती उंचवट्यावर चढली. पलीकडच्या उतारावर रहाट मांडलेला होता आणि एक म्हातारा दोर धरून बसला होता. रहाट नेमका तिच्या रेघेवर! तिने हातातल्या पडद्यावर चित्र मोठं केलं. रेघ कसली, ओळीने ठिपके होते, सारख्या अंतरावर. निसर्ग कशाला बसलाय मोजून ठिपके द्यायला? ही माती कारीझच्या, म्हणजे भुयारी कालव्याच्या, विहिरींतून माणसांनी उपसलेली, पुराने पसरून सपाट झालेली. गावाला पाणी आणणारं ते भुयार बरोबर यंत्राखालून जात होतं. कर्मानात जन्मून एवढं कळू नये?

"थांबवा!" ती धावत सुटली. "खाली कारीझ आहे!"

केयवानीसाहेब भडकले. "वा खानम! वऱ्हाड दारात आलं आणि नवरी म्हणते लग्न नको! असेल एखादा जुना, कोरडा."

"रहाटावर माणूस बसलाय. म्हणजे खालीही कुणीतरी आहे."

"तुमची नोकरीही आहे, विसरू नका."

यंत्रवाला दोघांकडे बघत राहिला. मेल्याचा हात काही हलेना. माहरुखने त्याला बाजूला ढकललं आणि लाल बटण स्वतःच दाबलं. यंत्र थांबलं, पण भोकात सोडलेलं पाणी भसकन खाली गेलं. म्हणजे भोक भुयारात फुटलं होतं! ती रहाटाकडे पळाली.

"बाबा, खाली कोण आहे?"

"भाऊ माझा. दोर हलवतोय, पण उत्तरच देत नाही गं!" म्हातारा रडकुंडीला आला होता.

दोघांनी मिळून दोर पुन्हा पुन्हा हलवला. अखेर खालून दोराला हिसका बसला. त्यांनी जीव खाऊन रहाट फिरवला. चिखलाने माखलेला माणूस वर आला. अंगात पांढरे कपडे. खाली मरण आलं तर तेच कफन, म्हणून कारीझवाले पांढरंच घालून उतरतात.

तो बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "वरून दगड कोसळायला लागले. म्हटलं, संपलं. तेवढ्यात आवाज थांबला. ज्याने थांबवलं त्याचं देव भलं करो."

माहरुखने ओढणीने त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला.

"असं नका म्हणू, काका," ती म्हणाली. "सुरूही माझ्यामुळेच झालं होतं."