गळ नसलेली दोरी

अंबरीशला मासेमारीला न्यायचं रघुवीरने ठरवलं तेव्हा सुमन दोनदा नाही म्हणाली. एकदा फोनवर आणि एकदा स्वयंपाकघरात, अंबरीशच्या समोरच. त्याच्यासमोर काहीही बोलायला आता हरकत नव्हती, कारण त्यातलं त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

अंबरीश अठ्ठावन्न वर्षांचा होता. चार वर्षांपूर्वी त्याला डिमेन्शियाचं निदान झालं, तेही स्मरणशक्तीपेक्षा माणसाची वागणूक आणि भाषा आधी खाणाऱ्या प्रकाराचं. सुरुवातीला तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये भलतंसलतं बोलायला लागला. मग नोकरी गेली. मग एकेक शब्द गेला. मागच्या दिवाळीपासून त्याच्याकडे एकच शब्द उरला होता, ‘चला’. दाराशी, जेवणाच्या टेबलाशी, आंघोळीच्या वेळी, सगळीकडे तो तेवढंच म्हणायचा. इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकच्या घरात सुमन एकटीने त्याचं सगळं करत होती. मुलगी आश्लेषा एडिंबराला शिकत होती.

रघुवीर आणि अंबरीश अठ्ठ्याण्णव साली पुण्याहून एकाच कंपनीतर्फे आले होते आणि पहिली दोन वर्षं एकाच खोलीत राहिले होते. फ्लाय फिशिंगचा, म्हणजे गळाला पिसांची खोटी माशी बांधून मासे पकडण्याचा नाद आधी अंबरीशला लागला. त्याच्या पहिल्या मॅनेजरने त्याला शिकवलं आणि त्याने रघुवीरला. नंतर सुचेताही त्यांच्यात आली. ती लंडनमध्ये ईलिंगला राहणारी, हॉस्पिटलमध्ये वृद्धांच्या आजारांची डॉक्टर. हिवाळ्यात नद्यांवर ट्राउट मासे पकडायला बंदी असते, पण ज्या तळ्यांत रेनबो ट्राउट आणून सोडतात ती उघडी असतात. त्यामुळे दर जानेवारीत एक शनिवार तिघांचा ठरलेला. गेली तीन वर्षं तो मोडला होता.

रघुवीरने कुठेतरी वाचलं होतं की अशा आजारात हाताला झालेली सवय सगळ्यात शेवटी जाते. त्याने व्हिडिओ पाहिले होते. स्वतःचं नाव विसरलेल्या एक बाई पियानोवर बसल्यावर न चुकता वाजवत होत्या. हे सगळं त्याने सुमनला दाखवलं. तिने शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “रघुवीर, गुरुवारी तो होममध्ये जातोय. आता हे कशाला?”

केअर होम तिच्या घरापासून दहा मिनिटांवर होतं. तिथली खोली मिळायला आठ महिने लागले होते.

“म्हणूनच,” रघुवीर म्हणाला. “एकदाच.”

ती दमलेली होती. तिसऱ्यांदा नाही म्हणण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती, हे रघुवीरला नंतर कळलं. शनिवारी सकाळी तिने अंबरीशला दोन स्वेटर आणि जाड कोट घातला, त्याचे बूट बांधले आणि बदलायचे कपडे एका पिशवीत भरून दिले. साडेतीनच्या आत आणायला सांगितलं, कारण अंधार पडायला लागला की तो घरभर फिरत राहायचा आणि मग तिला आवरायचा नाही.

“चला,” अंबरीश गाडीत बसताना म्हणाला. रघुवीरला त्या शब्दाचाही आनंद झाला.

सुचेता लंडनहून थेट तळ्यावर आली होती. अँडोव्हरच्या पुढे, शेतांच्या मधोमध ते तळं होतं. कडेच्या लव्हाळ्यांवर दव गोठून पांढरं झालं होतं, आणि सावलीतल्या एका कोपऱ्यात पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता. त्यांच्याशिवाय दोनच जण होते, तेही पलीकडच्या काठावर. सुचेताने अंबरीशला मिठी मारली. त्याने ती मारू दिली, कपडे घालताना हात वर करून देतो तशी.

रघुवीरने अंबरीशचाच जुना रॉड जोडला. जाड दोरी कड्यांमधून ओवली, तिच्या टोकाच्या बारीक तंगूसला पिसांची काळी माशी बांधली आणि रॉड त्याच्या हातात दिला. अंबरीश रॉडच्या कॉर्कच्या मुठीकडे पाहत राहिला. मग त्याचा अंगठा आपोआप वर सरकला आणि कॉर्कवर जाऊन टेकला. डाव्या हाताने त्याने दोरी धरली. कोणी काही सांगितलं नाही. त्याने रॉड मागे नेला, दोरी पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबला आणि पुढे आणला.

दोरी हवेत सरळ होत गेली आणि अलगद पाण्यावर उतरली. त्याच्या उमेदीच्या दिवसांतही ती याहून चांगली पडली नसती.

सुचेताने तोंडावर हात ठेवला.  अंबरीशचे खांदे सरळ झाले होते, मान वर आली होती, आणि चेहऱ्यावर तो जुना, थोडासा नाराज दिसणारा एकाग्रपणा होता. पाठमोरा तर तो अगदी पहिल्यासारखा दिसत होता. रघुवीरने फोन काढून तेवढंच टिपलं, आठ-दहा सेकंदांचं. खाली लिहिलं, ‘सुमन, बघ. तो आहे अजून.’ आणि पाठवून दिलं.

पहिला अर्धा तास ते दोघं त्याच्याकडे नुसते बघत उभे राहिले. स्वतःचे रॉड त्यांनी जोडलेही नाहीत. सुचेताने थर्मासमधला चहा ओतला. ती एक-दोनदा काही म्हणायला आली आणि थांबली.

काहीतरी चुकतंय हे रघुवीरला हळूहळू दिसायला लागलं. माशी पाण्यावर पडली की ती बुडू द्यायची असते, दोरी थोडी थोडी ओढून तिला किड्यासारखं चालवायचं असतं, वाट पाहायची असते. अंबरीश वाट पाहत नव्हता. दोरी पाण्याला टेकायच्या आत तो ती परत उचलत होता. मागे, पुढे, मागे, पुढे. तळ्यात मासा असला काय आणि नसला काय, त्याला फरक नव्हता. तो मासे पकडत नव्हता. त्याचा हात तेवढा चालला होता.

“जरा थांब, अंबरीश,” रघुवीर म्हणाला. “बुडू दे तिला.”

हात चालू राहिला.

थंडी वाढत होती. दोरीवरचं पाणी कड्यांमध्ये गोठत होतं आणि दोरी करकरत होती. अंबरीशने हातमोजे घालू दिले नव्हते, आणि डाव्या तर्जनीवर, ओली दोरी घासत होती तिथे, कातडी फाटून रक्त यायला लागलं होतं. रघुवीरने त्याचं मनगट धरलं. अंबरीशने घशातून एक आवाज काढला आणि कोपराने त्याला ढकललं. रघुवीर चिखलात बसला. मागून येणारी माशी सुचेताच्या गालाजवळून गेली, तेव्हा ती पहिल्यांदा डॉक्टरच्या आवाजात बोलली.

“गळ काढून टाक आधी. कोणाच्या तरी डोळ्यात जाईल.”

दोरी एकदा लव्हाळ्यांत अडकली तेव्हा रघुवीरने धावत जाऊन तंगूस कापला. अंबरीशला कळलंही नाही. माशी नाही, गळ नाही, नुसती दोरी तो पाण्यावर फेकत राहिला, तेवढ्याच सफाईने.

पलीकडच्या काठावरचा एक म्हातारा इंग्रज, जाता जाता थांबून, तुमचा मित्र दोरी फार सुंदर फेकतो म्हणाला. सुचेताने त्याचे आभार मानले.

“तुला माहीत होतं असं होईल?” तो गेल्यावर रघुवीरने विचारलं.

“साधारण.”

“मग बोलली का नाहीस?”

सुचेता अंबरीशकडे बघत होती. “मलाही त्याला बघायचं होतं,” ती म्हणाली.

सव्वादोनच्या सुमाराला सुमनची गाडी आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती वाटेवरून जवळजवळ पळतच आली. घरातल्या चपला पायात, कोटाची बटणं उघडी. रघुवीर दोन पावलं मागे सरकला, कारण तिचा चेहरा आनंदी होता. कित्येक वर्षांत त्याने तिला तशी पाहिली नव्हती.

ती अंबरीशच्या अगदी मागे जाऊन उभी राहिली आणि हळूच हाक मारली. मग बाजूला जाऊन, त्याला दिसेल अशी. तिने त्याचं पुण्याच्या घरातलं लाडकं नाव घेतलं, आश्लेषाचं नाव घेतलं. तो तिच्या डोक्यावरून दोरी फेकत राहिला. सुमनने खाली पाहिलं. तिला त्याचं रक्ताळलेलं बोट दिसलं, आणि नंतर दोरीचं मोकळं टोक. ती बराच वेळ त्या टोकाकडे बघत होती.

मग तिने कोटाच्या खिशातून बिस्किटांचा अर्धा पुडा काढला आणि त्याच्या कानाजवळ तो नुसता चुरगळला. अंबरीश लगेच वळला. रॉड हातातून सुटून उथळ पाण्यात पडला. त्याने पुडा घेतला आणि उभ्याउभ्या एकामागून एक बिस्किटं तोंडात कोंबू लागला.

“चला,” तो भरल्या तोंडाने म्हणाला.

सुचेताने त्याचं बोट धुऊन पट्टी बांधली आणि त्याला सुमनच्या गाडीत बसवलं. सुमन काठावरच उभी होती. रघुवीर काहीतरी बोलायला लागला, तिने त्याला थांबवलं.

“मी होमला फोन केला,” ती म्हणाली. “निघायच्या आधी. म्हटलं, आम्ही येत नाही, खोली दुसऱ्या कोणाला द्या.”

रघुवीरने पाण्यात पडलेला रॉड उचलला.

“त्या फॉर्मवर सही करायला मला तीन महिने लागले होते, रघुवीर. तो आता नाही, हे मी रोज सकाळी उठून स्वतःला सांगत होते. तेव्हा कुठे सही झाली.” तिचा आवाज चढला नव्हता. “आणि तू लिहिलंस, तो आहे अजून.”

तिथूनच तिने परत फोन लावला. शनिवारी दुपारी फोनवर असलेल्या मुलीने सोमवारी मॅनेजरशी बोला म्हणून सांगितलं. सोमवारी मॅनेजरनी खूप दिलगिरी व्यक्त केली. यादीतल्या पुढच्या कुटुंबाला रविवारीच कळवलं होतं, त्यांच्या आईंचं सामानही येऊन पडलं होतं.

पुढचे अडीच महिने अंबरीश घरीच राहिला. तळ्यावरून आल्यापासून त्याचा हात थांबेना. काठी, छत्री, झाडू, जे सापडेल ते घेऊन तो मागे-पुढे करायचा. दिवाणखान्यातला दिवा फुटला, दाराची काच गेली. काढून घ्यायला गेलं की तो मारायचा. रघुवीर रोज ऑफिस सुटलं की जायचा, दोन तास त्याच्यापाशी बसायचा, सुमनला झोपू द्यायचा. त्याने काही भरून निघत नव्हतं. मार्चमध्ये एका सकाळी अंबरीशने तिला जिन्यावर ढकललं. मनगट मोडलं आणि कंबरेला मार बसला. आश्लेषा परीक्षा सोडून आली. कौन्सिलने मग जिथे मिळाली तिथे जागा दिली, डेव्हनमध्ये समुद्राजवळ, गाडीने अडीच तासांवर.

तिथे त्याला गोळ्यांनी शांत केलं. हात थांबला. त्याबरोबर तो उरलेला शब्दही गेला.

सुमनला हाताच्या प्लास्टरमुळे गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मेपर्यंत दर रविवारी रघुवीर तिला घेऊन जायचा. वाटेत ती फारसं बोलायची नाही. तिथे गेल्यावर ती अंबरीशची नखं बघायची, दाढी नीट केली आहे का पाहायची आणि त्याला दही भरवायची. तो खिडकीशी बसलेला असायचा, पण खिडकीबाहेर बघत नसायचा. रघुवीर त्याच्या शेजारी बसून दोघांच्या जुन्या खोलीच्या, पहिल्या गाडीच्या गोष्टी सांगायचा. दोन-तीन रविवारांनंतर त्याने तेही सोडलं.

सुचेता एकदाच आली. बाहेर पडल्यावर तिने गाडीत बसून बराच वेळ चावी फिरवली नाही. मग काच खाली करून रघुवीरला म्हणाली की तिला आता जमणार नाही, त्याने समजून घ्यावं. त्याने मान हलवली.

मेच्या शेवटी सुमनचं प्लास्टर निघालं. त्या रविवारी परत येताना, तिच्या घरासमोर गाडी थांबल्यावर, ती उतरली नाही.

“पुढच्या आठवड्यापासून मी माझी जाईन,” ती म्हणाली. “तू येऊ नकोस.”

“मी त्याच्यासाठी येतो, सुमन.”

“माहितीये. तेव्हाही त्याच्यासाठीच नेलं होतंस.” मग जरा थांबून, अजिबात न रागावता, ती म्हणाली, “तू शेजारी बसलास ना, की मला परत वाटायला लागतं. कदाचित तो आहे, म्हणून. ते मला नको आहे आता.”

ती उतरली. दुखऱ्या हाताने दार लोटताना ते नीट लागलं नाही. रघुवीर खाली उतरला, वळसा घालून आला आणि ते परत उघडून बंद केलं. तोपर्यंत ती आत गेली होती आणि बैठकीच्या खोलीतले पडदे ओढत होती. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.